जननायक कर्पूरी ठाकूर : मॅट्रिकचे दार उघडणारा लोकप्रतिनिधी

बिहारमधील समस्तीपूर जिल्ह्यात पितौंझिया नावाचे एक लहानसे खेडे होते. आज ते कर्पूरीग्राम या नावाने ओळखले जाते. या खेड्यात गोकुळ ठाकूर आणि रामदुलारीदेवी या दाम्पत्याच्या पोटी कर्पूरी ठाकूर यांचा जन्म झाला. त्यांची जन्मतारीख 24 जानेवारी 1924 अशी नोंदलेली आहे. कुटुंब नाभिक समाजाचे. वडील गावातील घराघरांत जाऊन हजामतीचे काम करीत आणि थोडीफार शेती पाहत. घरात अक्षरओळख नव्हती, मग शिक्षणाची परंपरा कोठून असणार! अशा घरातला मुलगा पुढे दोन वेळा बिहारचा मुख्यमंत्री झाला आणि त्याच्या जन्मशताब्दीच्या पूर्वसंध्येला, 23 जानेवारी 2024 रोजी, भारत सरकारने त्याला मरणोत्तर भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान जाहीर केला. या दोन टोकांमधला प्रवास एका निष्ठावान लोकप्रतिनिधीचा आहे; त्याचबरोबर शाळेच्या परीक्षेत कोण उत्तीर्ण होतो आणि कोण बाहेर राहतो, या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या एका माणसाचाही आहे.

कर्पूरींच्या बालपणाविषयी बिहारमध्ये एक आठवण नेहमी सांगितली जाते. मुलगा मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, या आनंदात गोकुळ ठाकूर त्याला गावातील एका जमीनदाराकडे घेऊन गेले. मुलाने चांगले यश मिळवले असून त्याची पुढे शिकण्याची इच्छा आहे, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. जमीनदाराने मुलाकडे पाहिले, आपले पाय टेबलावर पसरले आणि मॅट्रिक झालास तर आता माझे पाय चेप, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्या काळी खेड्यातील मागास घरातला मुलगा मॅट्रिक होणे ही किती दुर्मीळ गोष्ट होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या अपमानाची धार कळते. ज्ञानाने माणसाची पायरी बदलते असे शाळा सांगत होती आणि गाव ते मानायला तयार नव्हते. हा मुलगा मात्र कडवट झाला नाही. मॅट्रिक या शब्दाला खेड्यातल्या गरीब घरात काय मोल असते, हे त्याने कायमचे मनात कोरून ठेवले.

स्वातंत्र्यसंग्राम आणि गावची शाळा

मॅट्रिकनंतर कर्पूरी ठाकूर दरभंग्याच्या महाविद्यालयात दाखल झाले. विद्यार्थी चळवळीत ते आधीपासूनच होते. 1942 साली महात्मा गांधींनी भारत छोडोची हाक दिली, तेव्हा त्यांनी शिक्षण अर्धवट सोडून आंदोलनात उडी घेतली. सुमारे 26 महिने त्यांनी तुरुंगात काढले. पदवी हातची गेली. पण समाजवादी विचारांची पक्की बैठक याच काळात तयार झाली. जयप्रकाश नारायण आणि पुढे डॉ. राममनोहर लोहिया यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला.

स्वातंत्र्यानंतर काही काळ त्यांनी गावच्या शाळेत शिक्षक म्हणून काम केले. हा काळ मोठा नव्हता, परंतु त्यांच्या पुढील आयुष्याचा अर्थ लावताना तो विसरून चालत नाही. वर्गात बसलेल्या मुलांपैकी कोण मध्येच गळते, कोणाला शुल्क परवडत नाही, कोणाला कोणत्या विषयात अपयश येते, हे शिक्षकाला रोज डोळ्यांसमोर दिसत असते. मंत्रिपदावर गेल्यावर त्यांनी घेतलेले निर्णय या अनुभवाशी जोडून पाहिले म्हणजे अधिक नीट समजतात.

ताजपूरचा आमदार

1952 साली देशात प्रौढ मताधिकाराने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ताजपूर मतदारसंघातून समाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून कर्पूरी ठाकूर उभे राहिले आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बिहार विधानसभेत निवडून गेले. त्यानंतर 1957, 1962, 1967, 1969 आणि 1972 या सर्व निवडणुकांत ताजपूरने त्यांनाच कौल दिला. या वीस वर्षांत समाजवादी पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले. पक्षांची नावे आणि निवडणूक चिन्हे बदलली. पण ताजपूरचा मतदार आपला माणूस ओळखून होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बिहारच्या राजकारणात जातीच्या संख्याबळाला मोठे महत्त्व होते. कर्पूरी ठाकूर ज्या समाजातून आले तो संख्येने लहान आणि गावोगावी विखुरलेला होता. केवळ स्वजातीच्या मतांवर एकही मतदारसंघ जिंकता येणार नव्हता. त्यांच्याजवळ जमीन नव्हती, पैसा नव्हता, घराण्याचे नावही नव्हते. लोकांच्या विश्वासाखेरीज त्यांच्यापाशी दुसरे भांडवल नव्हते. पायी, सायकलवर, मिळेल त्या वाहनाने ते मतदारसंघ पिंजून काढीत. त्यांच्या दारी आलेल्या माणसाची जात विचारली जात नसे.

आमदार झाल्यावर त्यांच्या राहणीत फरक पडला नाही. 1952 मध्ये एका शिष्टमंडळातून ऑस्ट्रियाला जाण्याची संधी त्यांना मिळाली. त्यांच्याजवळ स्वतःचा कोट नव्हता. मित्राकडून मागून घेतलेला कोट फाटका निघाला. तोच घालून ते गेले. तेथून ते युगोस्लाव्हियात गेले असता मार्शल टिटो यांच्या नजरेस तो फाटका कोट पडला आणि त्यांनी त्यांना एक नवा कोट भेट दिला, अशी आठवण सांगितली जाते.

कर्पूरी ठाकूर यांचे आमदारपण केवळ सभागृहापुरते मर्यादित राहिले नाही. 1960 साली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपात टपाल व तार कर्मचाऱ्यांचे नेतृत्व करताना त्यांना अटक झाली. 1970 साली टेल्को कामगारांच्या प्रश्नावर त्यांनी 28 दिवसांचे उपोषण केले. सभागृहात अभ्यासपूर्ण बोलणारा आणि सभागृहाबाहेर प्रसंगी तुरुंगात जाणारा, असे दुहेरी लोकप्रतिनिधित्व त्यांनी निभावले.

याच काळात बिहारच्या समाजवादी राजकारणाशी महाराष्ट्राचाही जवळचा संबंध आला. कर्पूरी ठाकूर ज्या संयुक्त समाजवादी पक्षाचे नेते होते, त्याचे अध्यक्षपद एस. एम. जोशी यांनी भूषविले होते. पुण्याचे मधु लिमये तर बिहारमधील मुंगेर आणि पुढे बांका या मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले. मराठी भाषकाला बिहारच्या मतदारांनी आपला खासदार म्हणून स्वीकारले, ही भाषा आणि प्रांत यांच्या भिंती ओलांडणारी घटना होती. अशा मोकळ्या वातावरणात कर्पूरी ठाकूर यांचे नेतृत्व वाढले.

शिक्षणमंत्र्यांचा वादग्रस्त निर्णय

1967 च्या निवडणुकीने बिहारचे चित्र पालटले. 318 जागांच्या विधानसभेत काँग्रेसला 128 जागांवर थांबावे लागले आणि प्रथमच बिगरकाँग्रेसी आघाडीचे सरकार सत्तेवर आले. आघाडीत संयुक्त समाजवादी पक्ष सर्वांत मोठा होता. तरीही मुख्यमंत्रिपद जनक्रांती दलाचे महामाया प्रसाद सिन्हा यांच्याकडे गेले आणि कर्पूरी ठाकूर उपमुख्यमंत्री झाले. त्यांच्याकडे शिक्षण खाते आले.

त्या काळी बिहारमध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजीत उत्तीर्ण होणे सक्तीचे होते. गणित, इतिहास, भूगोल, हिंदी या विषयांत उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थीही इंग्रजीत नापास झाला की संपूर्ण परीक्षेत नापास ठरे. खेड्यांतील शाळांत इंग्रजी शिकवणारे चांगले शिक्षक क्वचितच मिळत. घरात पुस्तक नाही, भोवताली ती भाषा कानांवर पडत नाही, अशी मुले याच एका विषयापाशी अडकत. मुलींचे शिक्षण तर तेथेच थांबे. पाय चेपायला सांगणारा जमीनदार डोळ्यांना दिसत होता. ही अडचण कोणाला दिसत नव्हती, पण तिनेही गरिबांच्या मुलांना तितक्याच निष्ठुरपणे दारातच रोखून धरले होते.

शिक्षणमंत्री या नात्याने कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकमधील इंग्रजीची ही सक्ती काढून टाकली. इंग्रजी शिकण्यावर बंदी नव्हती. इंग्रजीत अपयश आले म्हणून बाकीचे यश पुसले जाणार नव्हते, इतकेच. शालेय शिक्षणशुल्काचा प्रश्नही त्यांनी हाती घेतला. मंत्री आणि पुढे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी टप्प्याटप्प्याने मॅट्रिकपर्यंतचे शुल्क माफ करण्याचे धोरण राबवले.

या निर्णयावर मोठी टीका झाली. इंग्रजीवाचून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना कुत्सितपणे कर्पूरी डिव्हिजनमध्ये पास झालेले असे म्हटले जाऊ लागले. टीकेतला काही भाग उपहासाचा होता, परंतु काही भाग गंभीर होता आणि तो आजही विचारात घ्यावा लागतो. सुखवस्तू घरांतील मुले इंग्रजी शिकतच राहिली; गरिबांची मुले मात्र त्या भाषेपासून दूर राहिली आणि अखिल भारतीय स्पर्धेत मागे पडली, असा आक्षेप घेतला गेला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, ज्या घरांत पूर्वी कोणी मॅट्रिकच्या पलीकडे पाहिले नव्हते, त्या घरांतील मुलामुलींना महाविद्यालयाची पायरी या निर्णयानेच दिसली. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला आधी आत येऊ द्यायचे की आधी सर्व साधने देऊन मग परीक्षेला बसवायचे, असा हा पेच होता. साधने येईपर्यंत एक संपूर्ण पिढी बाहेर उभी राहील, हे कर्पूरी ठाकूर यांना मान्य नव्हते. निर्णयानंतर खेड्यांतील शाळांना इंग्रजीचे चांगले शिक्षक मिळवून देण्याचे जे काम व्हायला हवे होते, ते मात्र अपुरे राहिले. सरकारच जानेवारी 1968 मध्ये पडले.

दोन वेळा मुख्यमंत्री

डिसेंबर 1970 मध्ये कर्पूरी ठाकूर प्रथम मुख्यमंत्री झाले. अनेक पक्षांच्या आधारावर उभे असलेले हे सरकार जून 1971 पर्यंतच टिकले. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या न परवडणाऱ्या जमिनीवरील शेतसारा माफ करण्याचा निर्णय या अल्पकाळातला.

1974 साली जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली बिहारमध्ये आंदोलन उभे राहिले, तेव्हा ते त्यात अग्रभागी होते. आणीबाणीत त्यांनी भूमिगत राहून काम केले. काही काळ नेपाळमध्येही काढला. 1977 च्या निवडणुकीत समस्तीपूरमधून ते लोकसभेवर निवडून आले. पुढे बिहार विधानसभेत जनता पक्षाला बहुमत मिळाले आणि 24 जून 1977 रोजी ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. विधानसभेचे सदस्यत्व आवश्यक असल्याने मधुबनी जिल्ह्यातील फुलपरास येथील तरुण आमदाराने राजीनामा देऊन जागा मोकळी केली. तेथील पोटनिवडणुकीत विजयी होऊन ते पुन्हा विधानसभेत आले.

या कारकिर्दीत त्यांनी राज्यात दारूबंदी लागू केली आणि सरकारी कामकाजात हिंदीच्या वापराचा आग्रह धरला. सचिवालयातील उद्वाहकाचा वापर करण्यास चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना मनाई होती. ती त्यांनी उठवली, असे सांगतात. गोष्ट लहान, पण जिने चढून दमणाऱ्या माणसाला तिचा अर्थ ठाऊक होता.

सर्वांत मोठा आणि त्यांच्या सरकारची कसोटी पाहणारा निर्णय नोव्हेंबर 1978 मध्ये झाला. 1971 साली नेमलेल्या मुंगेरीलाल आयोगाने आपल्या अहवालात 128 जातींची मागास म्हणून नोंद केली होती आणि त्यांपैकी 94 जाती अतिमागास असल्याचे म्हटले होते. या शिफारशींच्या आधारे कर्पूरी ठाकूर यांनी सरकारी नोकऱ्यांत 26 टक्के आरक्षण लागू केले. त्यात अतिमागासांसाठी 12 टक्के, मागासांसाठी 8 टक्के, महिलांसाठी 3 टक्के आणि उच्चवर्णीयांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी 3 टक्के अशी विभागणी होती. मागासांतही जे अधिक मागे आहेत त्यांचा वेगळा विचार, स्त्रियांचा स्वतंत्र वाटा आणि जातीने पुढारलेल्या गरिबाचीही दखल, अशा तीन गोष्टी त्यात एकत्र आल्या होत्या. मंडल आयोगाच्या शिफारशींवरून देशात वादळ उठण्यास अजून बारा वर्षे अवकाश होता.

निर्णयाविरुद्ध राज्यभर उग्र निदर्शने झाली. मुख्यमंत्र्यांच्या जातीचा आणि त्यांच्या वडिलांच्या व्यवसायाचा उद्धार करणाऱ्या घोषणा रस्त्यांवर दिल्या गेल्या. स्वपक्षातही फूट पडली. एप्रिल 1979 मध्ये पक्षांतर्गत पाठिंबा गमावल्याने त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. निर्णय मागे घेऊन खुर्ची वाचवण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही.

सत्तेत राहूनही निरिच्छ

त्यांच्या निःस्पृहतेच्या अनेक आठवणी बिहारमध्ये आजही सांगितल्या जातात. 1977 साली जयप्रकाशजींच्या वाढदिवसानिमित्त पाटण्यात नेतेमंडळी जमली होती. मुख्यमंत्री कर्पूरी ठाकूर आले ते फाटका सदरा आणि तुटकी चप्पल अशा वेशात. तेव्हा चंद्रशेखर यांनी विनोदाने आपल्या सदऱ्याचे टोक पसरून मुख्यमंत्र्यांच्या सदऱ्यासाठी उपस्थितांकडून वर्गणी गोळा केली. जमलेले पैसे कर्पूरी ठाकूर यांनी हसत स्वीकारले आणि मुख्यमंत्री साहाय्यता निधीत जमा करून टाकले.

मुलगा मुख्यमंत्री असतानाही वडील गोकुळ ठाकूर यांनी गावातला आपला परंपरागत व्यवसाय सोडला नव्हता. एकदा ते आजारपणामुळे कामावर गेले नाहीत, म्हणून गावातील एका जमीनदाराच्या माणसांनी त्यांना त्रास दिला. बातमी कळताच जिल्हाधिकारी कारवाईसाठी गावात पोहोचले. मुख्यमंत्र्यांनी मात्र त्या माणसांना सोडून देण्यास सांगितले. असा अपमान खेड्याखेड्यांतील असंख्य बापांच्या वाट्याला येतो. त्या प्रत्येकाला न्याय मिळेल तेव्हाच आपल्या वडिलांनाही तो मिळेल, असा त्यामागे त्यांचा विचार होता, असे सांगतात.

आपल्या हयातीत मुलाने निवडणूक लढवू नये, यावरही ते ठाम राहिले. मुलाला उमेदवारी देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा, तसे असेल तर आपण स्वतः उभे राहणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतल्याचे सांगितले जाते.

अखेरची निवडणूक

1980 साली समस्तीपूरमधून ते पुन्हा विधानसभेवर निवडून गेले आणि विरोधी पक्षनेता म्हणून त्यांनी सभागृह गाजवले. डिसेंबर 1984 मध्ये इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर लोकसभेची निवडणूक झाली. सहानुभूतीच्या त्या लाटेत समस्तीपूरमधून त्यांचा पराभव झाला. विधानसभेची एकही निवडणूक न हरलेल्या नेत्याला साठीत आलेला हा पराभव मोठा होता. परंतु अवघ्या काही महिन्यांत, 1985 च्या विधानसभा निवडणुकीत, सोनबरसा या नव्या मतदारसंघातून ते विजयी झाले. ताजपूर, फुलपरास, समस्तीपूर, सोनबरसा अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या मतदारांनी त्यांना आपले मानले.

शेवटची वर्षे मात्र सुखाची गेली नाहीत. लोकदलात फूट पडली आणि 1987 मध्ये त्यांचे विरोधी पक्षनेतेपद गेले. ज्यांना त्यांनी घडवले, त्यांतील काही जण दुसऱ्या बाजूला उभे होते. 17 फेब्रुवारी 1988 रोजी पाटण्यात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर हेमवतीनंदन बहुगुणा पितौंझियाला गेले आणि दोन वेळा मुख्यमंत्री झालेल्या माणसाची ती झोपडी पाहून त्यांचे डोळे भरून आले, असे सांगितले जाते.

कर्पूरी ठाकूर यांचा वारसा सांगणारे पक्ष आज अनेक आहेत. बिहारच्या जनतेने त्यांना जननायक ही पदवी दिली आणि ती कोणत्याही सरकारी सन्मानाच्या कितीतरी आधी दिली. त्यांच्या मंत्रिपदांचा काळ एकत्र केला तरी तो पाच वर्षांपेक्षा कमी भरतो. बाकीचा सारा काळ ते साधे आमदार किंवा विरोधी बाकांवरचे सदस्य होते. सत्तेची वर्षे थोडी आणि लोकविश्वासाची वर्षे छत्तीस, असा हा हिशेब आहे.

इंग्रजीसंबंधीचा त्यांचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद राहतील. मातृभाषेतून शिकवणाऱ्या शाळांना, विशेषतः परप्रांतात आपली भाषा जतन करणाऱ्या शाळांना, हा प्रश्न दरवर्षी प्रवेशाच्या वेळी नव्याने भेटतो. मुलाला भाषेमुळे अपमान सोसावा लागू नये आणि भाषेअभावी त्याची संधीही हुकू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे कठीण आहे. कर्पूरी ठाकूर यांनी त्यांपैकी पहिली गोष्ट आपल्या परीने साधली. दुसरी पुढच्यांवर सोपवली. मॅट्रिक झालेल्या मुलाला पाय चेपायला सांगणारा तो काळ मागे पडला, यात त्या एका माणसाच्या छत्तीस वर्षांच्या सेवेचा वाटा मोठा आहे.